कातडीचा कल

आईच्या अंगावर दोन वण आहेत. एक गळ्यावर, थायरॉइडच्या गाठीच्या ऑपरेशनचा. दुसरा गुडघ्यावर, बाजरीच्या काढणीत विळा लागला त्याचा. गळ्यावरची चीर लांब, तरी वळीत अशी मुरली आहे की दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नाही. गुडघ्यावरची आखूड, पण उभी. वण जाड झालाय आणि थंडीत अजून ओढतो. कातडी एकाच बाईची. फरक पडला तो दिशेने.

हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून बघा. एका बाजूने धरली की बारीक, समांतर वळ्या पडतात. चिमटी फिरवली की तीच कातडी अडून बसते. कातडीला तिचा कल असतो.

१८६१ साली व्हिएन्नात कार्ल लँगर यांनी मृतदेहांच्या कातडीला गोल दाभणाने भोके पाडली. भोके गोल राहिली नाहीत, लांबट झाली. ती जोडत गेल्यावर अंगभर रेषा उमटल्या. पुढच्या शल्यविशारदांनी जिवंत, सैल सोडलेल्या कातडीच्या रेषा शोधल्या. चेहऱ्यावर त्या बहुधा खालच्या स्नायूला काटकोनात जातात. कपाळाचा स्नायू उभा, म्हणून आठ्या आडव्या. चीर रेषेच्या बाजूने गेली की कडा आपसूक जवळ राहतात. आडवी छेदून गेली की प्रत्येक हालचाल त्या कडांना दूर ओढते आणि वण रुंदावतो. स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर यांनी चीर लँगर यांच्या रेषांवरून घ्यावी असा आग्रह धरला. थायरॉइडवरच्या कामासाठी त्यांना १९०९ चे नोबेल मिळाले. आईच्या गळ्यावरची आडवी चीर त्यांच्याच वळणाची.

आमच्या खंडाळ्यात हे फार समजावून सांगावे लागत नाही. खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या उताराला नांगर आडवाच धरतात. उभे तास काढले की पहिलाच वळीव माती घेऊन जातो.

नीरा ओलांडून कात्रज उतरले की पुणे. तिथे टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी या गाडीवानाला विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने नवे नाक दिले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ती हकीकत छापली. मेणाचा साचा कपाळावर ठेवून आखणी केली, वस्तऱ्याने कातडी सोडवली, भुवयांमधला देठ राखून ती खाली वळवली आणि पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या पट्ट्यांनी बसवली. टाका एकही नाही. कातडीला ओढून आणायचे नसते, वळवून आणायचे असते, हे त्या हातांना ठाऊक होते.

विळा काही विचारत नाही. चांगला सर्जन विचारतो: हसा बघू, कपाळाला आठ्या घाला. म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या चिरेला पोटात घेतात; तरण्या, ताणलेल्या कातडीवर वण लपायला जागा नसते. वय वाढते तसे आपण वणांना जास्त सामावून घेतो, हे मला बरे वाटते.

पण भरलेली जखम मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के ताकदीची होते, आणि तिथवर जायलाही तीनेक महिने लागतात. तेव्हा टाके निघाले की लगेच हंडा उचलू नका, आणि घरातल्या बाईला उचलू देऊ नका.