चारी भरून वाहू द्यावी

राहुरी तालुक्यात ज्याचं शेत आहे, त्याला विजेचं वेळापत्रक पाठ असतं. हा आठवडा दिवसपाळीचा की रात्रपाळीचा, थ्री फेज किती वाजता येणार, यावर घरातली झोपसुद्धा ठरते. आमच्या देवळालीत मी वाढलो तो याच हिशेबात, आणि यंत्रांकडेही त्याच नजरेने पाहत आलो.

वायरीशिवाय पहिलं गाणं घेतलं ते इन्फ्रारेडने. ओट्यावर दोन फोन तोंडाला तोंड लावून ठेवायचे. मध्ये हात आला की गाणं तुटलं. तो प्रकाशच, फक्त डोळ्यांना न दिसणारा, म्हणून फोन समोरासमोर लागत. मग ब्लूटूथ आलं. ते रेडिओलहरींवर चालतं, त्यामुळे फोन खिशात असला तरी भागायचं. “दादा, ब्लूटूथ चालू कर की,” हे एसटीत, पारावर, लग्नाच्या मांडवात सारखं ऐकू यायचं. एका गाण्याला मिनिटभर लागे. गावाकडे तेव्हा बारा-बारा तास भारनियमन असायचं. गाणं मिळालं की ब्लूटूथ बंद करायची सवय हाताला लागली, ती लागलीच.

लॅपटॉपवर काम करू लागल्यावर एक गणित हाती आलं आणि ते मला फार आवडतं. ब्लूटूथचा रेडिओ वाय-फायपेक्षा कमी वीज खातो, हे खरं. पण त्याचा वेग सेकंदाला जेमतेम 2 मेगाबिट. 1 जीबीचा व्हिडिओ त्यावरून जायला तासाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ लॅपटॉप जागा राहतो. स्क्रीन, प्रोसेसर वगैरे मिळून तो 10 वॅट घेत असेल, तर 50 वॅट-तासांच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा एका फाइलीत संपतो. तीच फाइल वाय-फायवर सेकंदाला 100 मेगाबिटने गेली तर दीड मिनिटाच्या आत काम होतं. बॅटरीचा काटा हलल्याचंही कळत नाही.

माझ्या वडिलांना हे सांगितलं असतं तर त्यांना लगेच पटलं असतं. 1926 मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं; तिथलं पाणी ओझरच्या बंधाऱ्यापाशी प्रवरेच्या कालव्यांत वळतं आणि उजव्या कालव्याने आमच्या भागात येतं. आवर्तन आलं की वडील म्हणायचे, “बारीक धार नको रे, ती चारीतच मुरते. भरून सोड आणि बंद कर.”

यातली आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. लाईट गेली की राउटर बंद पडतो आणि घरात सगळे हातावर हात ठेवून बसतात. पण शेजारच्या फोनला फाइल द्यायला इंटरनेट लागतच नाही. फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडला की दोघांमधला मजकूर हातभर अंतर कापतो. तो ना टॉवरकडे जातो ना शहराकडे. डेटा पॅकही खर्च होत नाही. ब्लूटूथ आणि बरंचसं वाय-फाय ज्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, तो भारत सरकारने 2005 मध्ये परवान्यातून मोकळा केला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. कुणाला अर्ज न करता खेड्यातल्या दोन माणसांनी हवेतून आपसांत काही द्यावं-घ्यावं, ही साधी सोय नव्हे.

आमच्या गल्लीतली एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिला लागणारे व्हिडिओ माझ्या लॅपटॉपवर असतात. लाईट नसली की ती येते. “काका, लेक्चर टाका ना.” हॉटस्पॉट जोडायचा, फाइली भरभर पाठवायच्या आणि लगेच दोन्हीकडे विमान मोड लावायचा, कारण काही जात-येत नसतानाही रेडिओ जोडणी धरून ठेवण्यात थोडी वीज खर्च करतच राहतो. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणायचा. लॅपटॉपमध्ये बहुधा स्क्रीनच सगळ्यात खादाड. एवढं तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. आता तिच्या मैत्रिणी लेक्चर घ्यायला तिच्याकडे जातात.