७९२ वरचं आपलं रान

कांदा काढणी चालू आहे, त्यामुळं पंधरा दिवस इकडं फिरकलो नाही. परवा एकानं विचारलं, "रानात अजून तो जुना रेडिओ कशाला वाजवता, मोबाईल आहे की." त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. मीडियम वेव्ह, ७९२ किलोहर्ट्झ. पुण्याचं नाव निघालं की लोक गीतरामायण सांगतात, आणि ते बरोबरच आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा शुक्रवार, तेव्हापासून वर्षभर दर आठवड्याला नवं गाणं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नाची छप्पन्न झाली. पण गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर याच केंद्रात ग्रामीण कार्यक्रम बघायचे, हे फार कमी जणांना माहीत असतं. 'बनगरवाडी' लिहिणारा माणूस शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला! माणदेशी कान असलेला असा माणूस तिथं होता, म्हणून ती भाषा आपली वाटायची.

आता खरी गोष्ट. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्कोनं पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे. ऐकून झालं की रेडिओ बंद करायचा आणि त्यावर बोलायचं. पटलं नाही, अडचण आली, तर प्रश्न लिहून केंद्राला पाठवायचे, त्याची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात यायची. ऐका, चर्चा करा, करून बघा, असं ते सूत्र. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांची, पण पारावर बसून वाद घालायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पॉल न्यूरथ नावाच्या समाजशास्त्रज्ञानं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतर्फे याचं मोजमाप केलं. मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती भरपूर वाढली. ज्या गावात नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हतं, तिथं फारच थोडा फरक पडला. म्हणजे डबा वाजून उपयोग नाही, चार डोकी एकत्र बसली पाहिजेत. आज मोबाईलवर शेतीचे शंभर व्हिडिओ बघून आपण एकेकटे फवारणी ठरवतो, तेव्हा मला हा निकाल आठवतो. पुढं १९५९ पासून ही मंडळं देशभर काढली. पण पुण्यातली ती पहिली धग सगळीकडं पोचली असं काही मला वाटत नाही. सरकारी योजना झाली की रजिस्टर वाढतं आणि पार ओस पडतो.

आणि गाणी. शेतीची माहिती झाली की मागून भारूड, गवळण, पोवाडा, कधी भलरी. भलरी आता रानात कुठं ऐकू येते? काढणी उक्ती दिली जाते, बायांना गायला सवड नसते, टेम्पो उभा असतो. स्टुडिओतली भलरी जरा नेटकी असते, पेटी-तबला लावलेली. बांधावरून जो हेल निघतो तो त्यात नसतो. तरी आमच्या पोरांनी ती ऐकली ती रेडिओवरच.

राहिला प्रश्न सेटचा. मोबाईलवर ॲप आहे, पण त्याला रेंज लागते, नेट लागतं. मीडियम वेव्हची लाट जमिनीला धरून लांब जाते, ७९२ ची एक लाट पावणेचारशे मीटरच्या वर असते, आमच्या पाणंदीएवढी. आवाज बारीक झाला तर सेट हातात घेऊन गोल फिरवायचा. आत शिशासारखी काळी दांडी असते तोच एरियल. दांडीची आडवी बाजू केंद्राकडं आली की आवाज मोठा, टोक गेलं की बारीक. मोटरचा स्टार्टर सेटपासून लांब ठेवा, नाहीतर नुसतं गुंऽऽ ऐकाल.

दुसरं म्हणजे वीज. वळवाच्या दिवसांत गाण्यात मधूनच कडाड् कडाड् खरखर यायला लागली की लांब कुठंतरी वीज पडतेय समजायचं. आभाळ डोक्यावर यायच्या आधी हे कळतं. खरखर दाट झाली की मी बायांना झाडाखालून उठवून घरी पाठवतो आणि कांद्यावर ताडपत्री ओढतो. एफएमवर ही खरखर जवळजवळ येतच नाही, आवाज स्वच्छ असतो, अन् नेमकी तीच त्याची खोट.

देशात मीडियम वेव्हचे बरेच ट्रान्समीटर बंद होत चाललेत. नव्या गाड्यांच्या टेपमध्ये तो पट्टाच नसतो कधीकधी. तुमच्याकडं १९५६ च्या मंडळात बसलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर आत्ताच जाऊन बसा त्यांच्यापाशी. काय ऐकलं, काय भांडले, कुठला प्रश्न पाठवला, सगळं लिहून घ्या. मी आमच्या भावकीत सुरुवात केलीय. पण कांदा चाळीत गेल्यावर.