ठेवायला जागा न लागणारी भेट

हल्ली पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असतं, तरी आपण काहीतरी नेतोच. मग ते लेमन सेट, भिंतीवरची घड्याळं, काचेचे गणपती वगैरे मंडळी कागदासकट माळ्यावर जातात आणि दुसऱ्या कुणाच्या तरी वास्तुशांतीला बाहेर पडतात. आमचा एक टेबललॅम्प असाच गावभर फिरून आमच्याकडेच परत आलाय. शप्पथ!

आत्याचं यंदा सहस्रचंद्रदर्शन. तिने आधीच फोनवर बजावलं, "अगं, काही आणू नकोस हं. ठेवायला जागा नाही." हे उगाच म्हणायचं म्हणून नव्हतं. आत्तोबा गेल्यावर तिने वाड्यातलं बिऱ्हाड मोडलं आणि ती लेकाच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये आली, तेव्हा तांब्यापितळेची सगळी भांडी मोडीत गेली होती.

म्हटलं, तिला एक सकाळ द्यावी. मी, माझी दहा वर्षांची लेक आणि ती, तिघींनी केळकर संग्रहालयात जायचं. नवरा म्हणाला, "वस्तू नको म्हणणाऱ्या बाईला वस्तूंच्याच घरात नेणार?" मुद्दा बिनतोड होता, पण मी ऐकलं नाही.

बाजीराव रस्त्याजवळचं हे संग्रहालय आपण पुणेकर शाळेच्या सहलीत एकदा बघतो आणि मग येणाऱ्या पाहुण्यांना नुसता पत्ता सांगतो. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि वीस हजारांच्या वर जमलेला तो संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. तिथे राजेरजवाड्यांपेक्षा घरातल्या माणसांचा पसारा जास्त आहे. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, कोरीव दारं, स्वयंपाकघरातलं काय काय. (जिने आहेत, तेव्हा गुडघ्यांचा विचार करून, मध्ये मध्ये टेकत बघावं.)

पहिली दहा मिनिटं मी लेकीला पाट्या वाचून दाखवत होते. मग वज्रींपाशी तिने विचारलं, "हे काय गं?" आणि आत्याने सूत्रं हातात घेतली. टाच कशी घासायची, न्हाणीघरात दगड कुठे असायचा, आजेसासूबाईंची वज्री मोराची कशी होती... दोन अनोळखी मुलीही ऐकायला थांबल्या. भेट मी तिला दिली होती की तिने आम्हाला, याचा हिशेब तिथेच चुकला.

संग्रहालयाचं नाव 'राजा' का, हेही लेकीनेच विचारलं. राजा हा केळकरांचा मुलगा, लहानपणीच गेला, त्याच्या आठवणीसाठी हे नाव, असं मी सांगितलं. आत्या गप्प झाली. बाहेर पडल्यावर म्हणाली, "आमचाही एक गेला होता. माझ्या पाठचा, तुझ्या बाबाच्या आधीचा. चार वर्षांचा होता." त्याचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला एक काका होता, हे इतक्या वर्षांत घरात कुणी बोललं नव्हतं.

संग्रहालयात कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल आहे, त्यामुळे नंतर मस्तानी प्यायलाच हवी, असा लेकीचा युक्तिवाद. आत्याने आंब्याची घेतली आणि पूर्ण संपवली.

आता काहीजण सहलीचं व्हाउचर देतात. पाकीट हातात दिलं, आपण मोकळे. वाईट नाही, पण वज्रींपाशी "हे काय गं?" विचारायला बरोबर कुणीतरी लागतं ना?

बाबांची पंचाहत्तरी जवळ आली आहे. त्यांना डेक्कन क्वीनने मुंबईला न्यायचं चाललंय. १९३० साली सुरू झालेली ही गाडी, आणि डायनिंग कारमध्ये बसून खायची तिची ऐट अजून टिकून आहे. सकाळी सव्वासातला सुटते. घाटात ऑम्लेट समोर आलं की त्या काकाबद्दल त्यांना विचारीन म्हणते.