‘बाबा’

धाराशिवास आमच्या वाड्यात वडिलांना ‘बाबा’ अशी हाक मी कधीच मारली नाही. धाकटे काका त्यांना ‘अण्णा’ म्हणत, म्हणून आम्ही मुलेही अण्णाच म्हणू लागलो. आजोबांच्या देखत आपले पोर मांडीवर घेणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते; त्यामुळे ते आम्हांला बापापेक्षा थोरल्या भावासारखेच अधिक भेटले. शेजारच्या मुसलमान घरातील मुले ‘अब्बा’ म्हणत, उमरग्याकडून आलेल्या कानडी बिऱ्हाडातील ‘अप्पा’ म्हणत, आणि आमच्या गड्याची पोरे नुसतेच ‘बा’ म्हणून ओरडत. भाषा तीन, पण ओठांची हालचाल एकच!

परवा सात महिन्यांचा नातू ‘बबब’ करू लागला, तेव्हा आमचे चिरंजीव विजयी मुद्रेने साऱ्या घराला सांगत सुटले. मी त्यांच्या आनंदावर विरजण घातले नाही. परंतु रोमान याकोबसन या भाषापंडिताने ते खचित घातले असते. मर्डॉक याने जगभरच्या भाषांतून आईची 531 आणि बापाची 541 नावे जमविली होती. त्यांच्या आधारे याकोबसनने 1960 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले की, मूल असले वर्ण सहजच उच्चारते. त्यांना अर्थ चिकटवितात ते वडीलधारे. जॉर्जियात ‘मामा’ म्हणजे चक्क बाप! आपले व्युत्पत्तिकार ‘बाप’ शब्द प्राकृतातील ‘बप्प’पर्यंत नेतात, त्यापलीकडे बहुधा पाळणाच असावा. तुर्कांचाही बाप ‘बाबा’च, तेव्हा कोणी कोणाचा शब्द उसना घेतला, हा वाद व्यर्थ होय.

अखेरच्या दुखण्यात अण्णांची वाचा गेली. ‘बा… बा’ एवढेच काय ते उरले. आई म्हणाली, “मामंजींना हाक मारताहेत.” मला वाटले, आपण लेकरालाही ‘अरे बाबा’ म्हणतोच की, ते मलाच बोलावीत असावेत. मी जवळ जाऊन ओ दिली. त्यांनी माझा हात धरला आणि पहाटेपर्यंत सोडला नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी याकोबसनच्याच 1941 सालच्या ग्रंथाविषयी वाचनात आले. मुलाला जे वर्ण प्रथम साधतात, तेच वाचा हरपताना सर्वांत शेवटी जातात, असा त्याचा सिद्धान्त. म्हणजे ती हाक नसेलही! सिद्धान्त मला पटतो. पण त्या रात्री दिलेली ओ परत घ्यावी, असे मात्र वाटत नाही.