कस्तुरबांच्या समाधीपाशी



चातुर्मासात हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, म्हणून आम्हा पाच जणींची बागेची सहल कार्तिकी पौर्णिमेनंतरच असते. यंदा पुण्यातच, नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसला गेलो. ठेपले, खाकरे आणि उकळलेलं पाणी बरोबर. हिशेब नेहमीप्रमाणे माझ्याकडे. बी.कॉम. झाल्याचा एवढाच उपयोग!

दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून आगाखानांनी १८९२ साली हा महाल बांधला. मोठाल्या कमानी, समोर लांबवर हिरवळ, जुनी डेरेदार झाडं. आम्ही मात्र फरशीच्या वाटेनंच चाललो. सवय जात नाही.

आमच्यातली एक वैशाखापासून घराबाहेरच पडली नव्हती. यजमानांना दुसऱ्यांदा व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं ‘नको’ म्हटलं होतं. मुलगा अजून तिच्याशी नीट बोलत नाही. आम्हीही तो विषय टाळत आलो होतो.

मागच्या बागेत कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाध्या आहेत. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ ला गेले, कैदेत येऊन आठवडाही झाला नव्हता. बा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीला, बापूंच्या मांडीवर डोकं ठेवून. देवदासभाईंनी आईसाठी पेनिसिलिन मिळवलं होतं. तेव्हा ते किती दुर्मिळ! पण आता तिला सुया टोचून त्रास देऊ नका, असं बापूंनी मुलाला समजावलं. मी वाचलेलं सहज सांगून गेले आणि मग जीभ चावली.

ती समाधीकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “मुलाला राग आला असेल ना गं?”

“आला असेल,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मग तीच बोलू लागली. शेवटच्या रात्री नर्सनं पाच मिनिटं आत सोडलं, तेव्हा तिनं यजमानांच्या कानात नवकार म्हटला. तीन वेळा. तिसऱ्यांदा त्यांची बोटं हलली. हे तिनं मुलाला सांगितलंच नव्हतं. “डॉक्टर म्हणतील ती नुसती हालचाल होती,” म्हणाली, “पण मी बघितलं ना.”

“मग सांग ना त्याला,” आमच्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली. आम्ही बाकीच्या गप्प.

सूर्यास्त जवळ आला होता, चौविहाराची घाई. गाडीतच ठेपले खाल्ले, पाणी प्यायलो. माझा हिशेब चालू असताना मागच्या सीटवर ती मोबाईल काढून बसली होती. पहिल्यांदा लागला नाही. तिनं पुन्हा लावला.