टेबलावर सगळं ठीक असतं

मंडळी, एक वेळ ठार बंद पडलेली वस्तू परवडली, पण 'कधीकधी' बंद पडणारी नको. दुरुस्तीला बसलं की ती नेमकी शहाण्यासारखी वागते. आमच्या ऑफिसात यावर उत्तर ठरलेलं आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय!" आणि तिकीट बंद.

तर झालं असं. मला रिमोटवरच्या विमानांचा नाद आहे. दिवाळीच्या सुट्टीत सव्वा मीटर पंखांचं एक फोमचं विमान बांधलं. शुक्रवारी रात्री पुण्याहून बस पकडून मेहरूणला घरी यायचं, आणि रविवारी सकाळी विमान घेऊन यावलकडे मामांच्या रिकाम्या शेतात जायचं, हा शिरस्ता. (मेहरूण तलावाच्या काठी उडवायचा मोह फार होतो. पण कुसुंब्याचं विमानतळ अगदी जवळ, आणि 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळापासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. असो.)

तिसऱ्या रविवारी चारेक मिनिटं मस्त उडाल्यावर विमानाने माझं ऐकणंच सोडलं. फक्त दीड-दोन सेकंद. मग पुन्हा गरीब गायीसारखं वळायला लागलं. पुढच्या खेपेला ते दोन सेकंद जमिनीच्या जवळ आले, आणि विमान थेट शेजारच्या केळीत!

घरी आणून टेबलावर ठेवलं. सगळं ठीक. ट्रान्समीटर कमी पॉवरवर टाकून तीस पावलं लांब गेलो, तरी ठीक. मग मी तेच केलं जे कुठलाही घाईतला इंजिनिअर करतो. रिसीव्हर बदलला, एक सर्वो बदलला आणि अँटेनाची जागाही बदलली, सगळं एका झटक्यात. दोन रविवार विमान छान उडालं. तिसऱ्या रविवारी पुन्हा केळी.

नानांचं पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते मागे येऊन उभे राहिले. "काय करू राह्यला रे?"

सांगितलं सगळं. म्हणाले, "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. आणि आधी बिघाड डोळ्यांनी पाहायचा, मग स्क्रू ड्रायव्हर."

पण पाहायचा कसा? विमानाची बॅटरी 11.1 व्होल्टची. स्पीड कंट्रोलरमधलंच एक सर्किट त्यातून 5 व्होल्ट काढून रिसीव्हर आणि सर्वोंना देतं. मल्टिमीटर लावला तर 4.9 दाखवून निवांत. मात्र मीटरचा आकडा सावकाश बदलतो. काही मिलिसेकंदांसाठी व्होल्टेज पडलं तर त्याला पत्ताही लागत नाही. रिसीव्हर मात्र तेवढ्यात रीसेट होतो, आणि पुन्हा सुरू होऊन ट्रान्समीटरला ओळखेपर्यंत विमान पोरकं.

म्हणून एक छोटा आर्डुइनो घेतला आणि रिसीव्हरचं सगळ्यात कमी व्होल्टेज सतत नोंदवत राहील असा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. त्याला वेगळी बॅटरी दिली, नाहीतर रिसीव्हरबरोबर तोही झोपायचा. पुढच्या उड्डाणात नोंद सापडली: 3.1 व्होल्ट!

पहिला संशय उष्णतेवर. तसलं साधं सर्किट वरचे सहा व्होल्ट उष्णता करून सोडतं. एक अँपिअर ओढला तर सहा वॉट, तेही बंद फोममध्ये, जळगावच्या उन्हात. हेअर ड्रायरने चांगलं तापवलं. काहीच नाही. म्हणजे ते नव्हतं.

तेव्हा नानांनी विचारलं, "टेबलावर पंखा काढून ठेवतो ना तू?"

हो, काढतोच. बोटं प्यारी आहेत. पण पंखा नाही म्हणजे थरथर नाही! मग विमान अंगणातल्या खाटेला करकचून बांधलं, पंखा चढवला, सगळ्यांना मागे उभं केलं आणि अर्ध्या जोरावर मोटर फिरवली. नोंदीत व्होल्टेज पडायला लागलं. लांब वेळूच्या काडीने मागच्या बाजूच्या वायरी एकेक करून हलवल्या. स्पीड कंट्रोलरकडून येणारी लाल वायर हलवली की आकडा खाली. प्लग उघडला तर पिनेने तांब्याऐवजी वायरचं प्लास्टिकच धरलेलं. तांब्याच्या दोन-तीन तारा कशाबशा टेकत होत्या. नवीन पिन दाबून बसवली. बिघाड संपला.

आता हे सगळं कशासाठी सांगतोय... नानांना त्या हिवाळ्यात दोनदा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधार आला होता. ईसीजी काढला, नॉर्मल. "डॉक्टर म्हणू राह्यले, मशीन ठीक आहे," म्हणून त्यांनी विषय बंद केला. मीही केला, खोटं कशाला बोलू? पण खाटेला बांधलेलं ते विमान पाहताना माझ्या डोक्यात आलं की ईसीजी तर जेमतेम दहा सेकंदांचा. तोही पडून, शांत.

"नाना, ते टेबल होतं," मी म्हटलं. नाना काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून चप्पल घालून तयार.

हृदयाची दिवसभर नोंद घेणाऱ्या यंत्राला होल्टर म्हणतात. नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाने 1940 च्या दशकात ते पहिल्यांदा बनवलं तेव्हा पाठीवर सुमारे 38 किलो वागवावे लागत. आता खिशात मावतं. पहिल्या 24 तासांत काही सापडलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा जास्त वेळ लावायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला, पहाटे पावणेपाचच्या सुमाराला, चार सेकंद हृदय थांबल्याची नोंद मिळाली. पंधरवड्यात पेसमेकर बसला.

ट्रान्समीटर छातीपासून निदान वीतभर लांब धरा, असं डॉक्टरांनी नानांना बजावलंय. गेल्या रविवारी नानांनी तो चांगला हातभर लांब धरला होता. विमान दोनदा केळीवरून फिरून आलं. उतरवलं मात्र मी.