दिसला नाही, पण होता!

रात्रीचे अडीच. लॅपटॉपवर उद्याची स्टोरी अर्धवट, बाजूला गार झालेली कॉफी, आणि अचानक उजव्या कुशीतून अशी कळ आली की मी खुर्चीतून थेट फरशीवर! बसलं तरी दुखतंय, आडवं झालं तरी दुखतंय. पंधरा मिनिटांत दोन उलट्या. रूममेटने घाबरून आईला फोन लावला. आईचं निदान साताऱ्यात बसल्या बसल्या तयार, ‘अगं, मुतखडा असणार. तिच्या मामालाही अस्संच व्हायचं.’

कॅज्युअल्टीत इंजेक्शन मिळालं आणि मी माणसांत आले. लघवीची तपासणी झाली, प्रेग्नन्सी टेस्टही झाली. (त्याआधी ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न अर्थातच आला!) डॉक्टर म्हणाले, ‘सकाळी सोनोग्राफी करून घ्या.’

माझ्यातली पत्रकार जागी झाली. ‘सीटी स्कॅन का नाही? ते जास्त अचूक असतं ना?’ खरं सांगायचं तर डोक्यात साधं गणित होतं. महाग ते चांगलं. फ्रीलान्सर असल्याने कंपनीचा मेडिक्लेम नाही, तरी मी पैसे मोजायला तयार होते.

‘आधी सोनोग्राफी,’ डॉक्टर शांतपणे म्हणाले.

सकाळी सेंटरवर पहिली अट, पाणी पिऊन ब्लॅडर फुल करा. मळमळत असताना एक लिटर पाणी पिऊन बघा एकदा! ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखाली, पोट सावरत बसलेल्या बायकांच्या रांगेत मी. शेजारच्या काकूंनी प्रेमाने विचारलं, ‘कितवा महिना गं?’ मी म्हटलं, ‘मुतखडा.’

रिपोर्ट आला. उजव्या किडनीला थोडी सूज. खडा दिसला नाही.

झालं! मी रिपोर्ट नाचवत डॉक्टरांकडे. ‘बघा, मी म्हणत होते!’

‘हे बघा,’ ते म्हणाले, ‘चौकात गाड्यांची रांग लागली की पुढे काहीतरी अडकलंय हे कळतं ना? टेम्पो बंद पडलाय की बस, हे दिसावंच लागतं असं नाही. किडनीची सूज म्हणजे ती रांग.’ मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यांच्या मागे दडतो आणि आतड्यांतल्या गॅसमधून ध्वनिलहरी नीट पुढे जात नाहीत. म्हणून तिथला छोटा खडा सोनोग्राफीला चकवतो. सीटीला गॅसची अडचण नसते. तिथे क्ष-किरणांनी पोटाचे पातळ काप टिपले जातात, खड्याचं माप आणि जागा दोन्ही मिळतात.

मग तोच का नाही? घरी येऊन मी शोधाशोध केली. 2014 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याच प्रश्नावर मोठा अभ्यास छापून आला होता. अमेरिकेतली 15 इमर्जन्सी डिपार्टमेंट्स, 2,759 पेशंट. पहिल्या तपासणीत खडा पकडण्यात सीटी 88 टक्के, रेडिओलॉजिस्टची सोनोग्राफी 57, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे केलेली 54. सीटी सरळ जिंकला की! पण पुढचं वाचून मी गप्प बसले. सोनोग्राफीने सुरुवात केलेल्यांतल्या काहींना नंतर सीटी लागला, तरी गंभीर आजार निसटून गुंतागुंत होणं, दुखणं, पुन्हा दवाखान्यात यावं लागणं, यात लक्षणीय फरक नव्हता. फरक होता तो रेडिएशनमध्ये. सीटीने सुरुवात केलेल्यांना ते जास्त मिळालं.

नेहमीच्या सीटीत साधारण 10 मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला तीन-चार वर्षांत मिळतं तितकं. लो-डोसमध्ये तीनपेक्षा कमी. सोनोग्राफीत शून्य. एका स्कॅनचा धोका अगदी लहान असतो, हे खरं. पण मुतखडा हा पुन:पुन्हा येणारा पाहुणा. आयटीतल्या माझ्या एका मित्राचे चार वर्षांत तीन सीटी झाले. ‘इन्शुरन्स देतोय ना!’ म्हणतो. रेडिएशनचं बिल मात्र इन्शुरन्स भरत नाही.

मला ताप नव्हता, लघवी होत होती, दोन्ही किडन्या शाबूत. म्हणून थांबणं शक्य होतं. ताप-थंडी असेल, लघवी बंद झाली असेल किंवा किडनी एकच असेल तर वाट बघायची नसते, तडक हॉस्पिटल गाठायचं, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

सहाव्या दिवशीही कळा थांबेनात, तेव्हा त्यांनीच लो-डोस सीटी लिहून दिला. ‘आता ठरवायचंय, वाट बघायची की दुर्बिणीने काढायचा. त्यासाठी माप हवं.’ खडा मूत्राशयाच्या तोंडाशी, पाच मिलिमीटर. म्हणजे आपोआप पडण्याची शक्यता चांगली. वाट बघायची ठरली.

तेव्हा लक्षात आलं. मी पहिल्या रात्रीपासून विचारत होते, ‘कुठली तपासणी भारी?’ डॉक्टर विचारत होते, ‘कुठल्या तपासणीने पुढचा निर्णय बदलेल?’ पुढच्या वेळी कुणी टेस्ट लिहून दिली, किंवा नाही दिली, तर मी हाच प्रश्न विचारणार आहे.

बाराव्या दिवशी चहाच्या जुन्या गाळणीत तो सापडला. मी फोटो काढून आईला पाठवला. उत्तर आलं, ‘एवढासाच? बघ, हुलग्याचं कढण लागू पडलं!’

याची खात्री करून देणारा स्कॅन मात्र अजून निघायचाय.